२२ च्या रायफलवर कोणता स्कोप? आधी २५ यार्डांवरचं लक्ष्य बघा

प्रश्न: बरीच वर्षं ५० मीटर प्रोन (पालथं पडून) खेळले, तेही डायऑप्टरवर, म्हणजे बारीक भोकाच्या साइटवर. आता .२२ एलआर बोल्ट अॅक्शन रायफलवर प्रिसिजन सामने खेळायचे आहेत. लक्ष्यं २५ ते २०० यार्डांवर, पुढेमागे ३०० वरही जातील. बॅरिकेडवरून (आडोशाच्या फळीवरून) किंवा गुडघ्यावर बसून दोन मिनिटांत दहा गोळ्या मारायच्या असतात. रायफलवर सपाट पिकॅटिनी रेल (स्कोप बसवायची खाचांची पट्टी) आहे. घरात शिकारीसाठी बनवलेला ४–१२×४० स्कोप (४ ते १२ पट, पुढचं भिंग ४० मि.मी.) आहे, पॅरालॅक्स १०० यार्डांवर कायमचा बसवलेला. तो २५ यार्डांवर धूसर दिसतो. सोबतचे लोक ८–३२ घ्यायला सांगतात. मापासाठी कोणी मिल म्हणतं, कोणी एमओए. स्कोपची नळी ३४ मि.मी. ची लागेलच का? एकदाच घेणार आहे, म्हणून नीट सांगा.

उत्तर: तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे ‘२५ यार्डांवर धूसर दिसतो’. चर्चा मॅग्निफिकेशनवर रंगली असली तरी अडचणीचं मूळ या ओळीत आहे. .२२ च्या सामन्यात स्कोपचा कस दोन टोकांना लागतो: एक, हाताच्या अंतरावरचं बारीक लक्ष्य, दोन, गोळी पार वाकून जिथे पोचते ते लांबचं लक्ष्य. ही दोन्ही टोकं सांभाळणारा स्कोप शोधा. किती पट मोठं दिसतं ते त्यानंतर पाहू.

जवळच्या टोकापासून सुरुवात करू. डायऑप्टरच्या बारीक भोकातून पाहताना डोळा आपोआप मधोमध येतो, त्यामुळे पॅरालॅक्सशी तुमचा फारसा संबंध आला नसेल. आता एक करून पाहा. घरातल्या स्कोपसकट रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवा, हात काढून घ्या आणि २५ यार्डांवरच्या लक्ष्याकडे बघत डोकं सावकाश वरखाली करा. रायफल जागची हलणार नाही, पण फुली लक्ष्यावरून सरकताना दिसेल. हाच पॅरालॅक्स. लक्ष्याचं चित्र आणि रेटिकल (स्कोपमधली फुली) एकाच प्रतलात नसतात, म्हणून डोळा हलला की नेम हलतो.

किती हलतो, याचा हिशेब तोंडी करता येतो. पुढच्या भिंगाचा अर्धा व्यास घ्या. लक्ष्याचं अंतर आणि पॅरालॅक्सचं अंतर यांतल्या फरकाने त्याला गुणा आणि पॅरालॅक्सच्या अंतराने भागा. तुमच्या स्कोपचं भिंग ४० मि.मी., म्हणजे निम्मं २०. पॅरालॅक्स १०० वर, लक्ष्य २५ वर, म्हणजे फरक ७५. वीस गुणिले पाऊण, उत्तर १५ मि.मी. डोळा चित्राच्या अगदी कडेला असेल तेव्हाचा हा आकडा आहे. पण बॅरिकेडला रायफल टेकवून, मान वाकडी करून मारताना डोळा निम्मा सरकणं रोजचंच, आणि निम्मं धरलं तरी साडेसात मि.मी. होतात. २५ यार्डांवर अर्ध्या इंचाचं लक्ष्य असेल तर मध्यापासून कडेपर्यंत जागाच जेमतेम साडेसहा मि.मी. आहे. म्हणजे ट्रिगर निर्दोष, श्वास निर्दोष, आणि गोळी बाहेर.

म्हणून पहिली अट अशी, की पॅरालॅक्स फिरवता आला पाहिजे आणि तो २५ यार्डांपर्यंत खाली आला पाहिजे. १० किंवा १५ यार्डांपर्यंत येत असेल तर उत्तमच, कारण काही सामन्यांत २५ च्या अलीकडेही लक्ष्य लावतात. माहितीपत्रकात हा आकडा सहसा खालच्या ओळीत दडलेला असतो, तो शोधून काढा. सेंटरफायर (जास्त वेगवान काडतुसांच्या) रायफलींसाठी बनवलेले कितीतरी देखणे, महागडे स्कोप ५० यार्डांच्या अलीकडे फोकसच होत नाहीत. तसा स्कोप कोणी अर्ध्या किमतीत देऊ केला तरी घेऊ नका.

पॅरालॅक्सचा नॉब डाव्या बाजूला, टरेटच्या (नेम सरकवायच्या फिरत्या बटणाच्या) शेजारी असावा. काही स्कोपना तो पुढच्या भिंगाभोवतीच्या कड्यात असतो. बाकावर बसून खेळणाऱ्याला ते चालतं. बॅरिकेडवर हात तिथवर नेताना पवित्रा मोडतो. आणि नॉबवर छापलेल्या अंतरांवर विसंबू नका. २५ आणि ५० च्या मध्ये नॉब भरपूर फिरतो, १०० च्या पुढे जेमतेम बोटभर, आणि छापील खुणा बऱ्याचदा इकडेतिकडे असतात. प्रत्येक अंतरावर डोकं हलवून पाहा, फुली सरकायची थांबली की तिथे पांढऱ्या टेपवर स्वतःची खूण करा. हे करण्याआधी डोळ्याकडच्या भिंगाचा डायऑप्टर (तुमच्या साइटचा नव्हे, नजरेप्रमाणे रेटिकल स्पष्ट करणारं कडं) लावून घ्यायचा असतो. स्कोप कोऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आभाळाकडे धरा (सूर्याकडे कधीच नाही), दोन-तीन सेकंद बघा, नजर काढा, थोडं फिरवा, पुन्हा बघा. नजर टाकताक्षणी रेटिकल काळंभोर, रेखीव दिसलं पाहिजे. जास्त वेळ बघत बसलात तर डोळा स्वतः जुळवून घेतो आणि तुम्हाला फसवतो. ही पायरी गाळून रेटिकलचा धूसरपणा पॅरालॅक्सच्या नॉबने घालवायचा प्रयत्न करणारे खूप जण भेटतात. त्यांचं चित्र स्वच्छ असतं आणि पॅरालॅक्स चुकलेला.

आता लांबचं टोक. ४० ग्रेन वजनाची स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळी सेकंदाला साधारण १,०७० फूट, म्हणजे ३२६ मीटर वेगाने निघते. सेंटरफायरच्या तुलनेत ही चाल संथच. ५० यार्डांवर झीरो केलेल्या (त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमावर लागेल अशी लावलेल्या) रायफलीला १०० यार्डांसाठी २ मिलच्या (मिल हे कोनाचं माप, १०० यार्डांवर १ मिल म्हणजे सुमारे ९ सें.मी.) आसपास वर जावं लागतं, २०० साठी ७ च्या आसपास, ३०० साठी १३, आणि कोणी ४०० चं लक्ष्य लावलं तर २० च्या आसपास. तुमची गोळी, बॅरल आणि हवामान यांनुसार आकडे थोडे बदलतील, पण स्कोप निवडायला एवढे पुरेत.

माहितीपत्रकात उंचीचा एकूण प्रवास (टरेटने नेम वरखाली जितका सरकतो तो) २६ मिल लिहिला असेल, तर तो सगळा तुमच्या वाट्याला येत नाही. मध्यापासून वर १३, खाली १३. शिवाय स्कोप बोअरच्या (बॅरलच्या पोकळीच्या) सुमारे ५० मि.मी. वर बसतो, आणि ५० यार्डांपर्यंत जाताना गोळी तेवढ्यातही १० सें.मी. पडते. या दोन्हींची भरपाई करून झीरो लावण्यातच सव्वातीन मिलच्या आसपास खर्च होतात. म्हणजे सपाट रेलवर हातात उरले पावणेदहा मिल. २०० यार्डांना पुरतात, ३०० ला नाही. तुमच्या जुन्या स्कोपसारख्या स्कोपचा एकूण प्रवास ६० एमओएच्या (हेही कोनाचंच माप, १ मिल म्हणजे ३.४४ एमओए) आसपास, म्हणजे साडेसतरा मिल असेल, तर झीरोनंतर साडेपाच मिलसुद्धा राहत नाहीत. तो २०० यार्डांवर पोचणारच नाही.

यावर इलाज स्कोपमध्ये नाही, रेलमध्ये आहे. २० एमओए उताराची रेल बसवली की ५.८ मिल तुमच्या बाजूला येतात. ३० एमओएची असेल तर ८.७, ४० ची असेल तर ११.६. वरच्याच २६ मिलच्या स्कोपला २० एमओएची रेल लावली तर झीरोनंतर साडेपंधरा मिल मिळतात. ३०० यार्ड त्यात आरामात बसतात. ४० ची रेल बघून मोह होतो, पण जपून. साडेसतरा मिलच्या स्कोपखाली ती लावलीत तर ५० यार्डांच्या झीरोलाच टरेट जवळजवळ तळाला टेकतो, आणि थोडं इकडेतिकडे झालं की झीरो लागत नाही. दुसरी गोष्ट अशी, की रेटिकल धरणारी आतली नळी बाहेरच्या गोल नळीत सरकते. ती वरच्या टोकाला गेली की डावीउजवीकडची जागा आटते. भूमितीने बघा: सगळ्या बाजूंना १३ मिलची मोकळीक असेल आणि तुम्ही मध्यापासून १२ मिल वर गेलात, तर बाजूला उरतात फक्त ५. शिवाय टोकाला चित्राची कडही मळकट होते.

तुमच्यासाठी २० एमओएची रेल आणि किमान २६ मिल प्रवासाचा स्कोप, हे आमचं स्पष्ट मत आहे. रेल बदलायची नसेल तर उतार दिलेल्या रिंगा किंवा एकसंध माउंटही मिळतात. ३० मि.मी. च्या नळीत एवढा प्रवास देणारे स्कोप आहेत, त्यामुळे ३४ हवीच असं नाही. जाड नळीने जास्त उजेड येतो हा समज तेवढा काढून टाका. उजेड ठरतो पुढच्या भिंगाने आणि काचेने. नळीची जाडी कामी येते ती आतल्या प्रवासासाठी.

मिल की एमओए, हा वाद दोन ओळींत मिटतो. १०० यार्डांवर ०.१ मिलचा क्लिक ९ मि.मी. चा आणि पाव एमओएचा साडेसहा मि.मी. चा. .२२ चा स्वतःचा ग्रुप (एकाच नेमाच्या गोळ्यांचा पसारा) या फरकापेक्षा मोठा असतो. तुमच्या शेजारचे खेळाडू ज्यात बोलतात ते घ्या. प्रिसिजन सामन्यांत ते बहुधा मिल असतं, आणि ‘पाऊण मिल डावीकडून’ ही हाक तुम्हाला लगेच वापरता आली पाहिजे. एवढं मात्र बघा की रेटिकल आणि टरेट दोन्ही एकाच मापात असावेत. मिलचं रेटिकल आणि एमओएचा टरेट अशी जोडी अजूनही बाजारात दिसते. दर वेळी ३.४४ ने गुणण्यात तुमची दोन मिनिटं संपतील.

रेटिकलवर मात्र वेळ घालवा. ते फर्स्ट फोकल प्लेनमध्ये असावं, म्हणजे झूम बदलला तरी खुणांचं माप बदलत नाही. सेकंड फोकल प्लेनमध्ये माप एकाच झूमवर खरं असतं. समजा ते २४ पटीवर खरं आहे आणि तुम्ही १२ पटीवर आलात, तर १ मिलची खूण प्रत्यक्षात २ मिल दाखवते. एकाच जागेवर पडून, एकाच झूमवर खेळणाऱ्याला याने काही बिघडत नाही. तुम्ही मात्र स्टेज (सामन्यातला एक टप्पा) सुरू असताना झूम फिरवणार आहात, आणि घड्याळ चालू असताना हे गुणोत्तर डोक्यात राहत नाही.

दुसरं, रेषेची जाडी. ५० यार्डांवरचं पाव इंचाचं लक्ष्य म्हणजे फक्त ०.१४ मिल. रेटिकलची मधली रेष ०.०६ मिल जाड असेल तर निम्मं लक्ष्य तिच्याखाली झाकलं जातं. ०.०३ च्या आसपासची रेष किंवा मध्ये मोकळी जागा सोडून बारीक ठिपका असेल तर नेम कुठे धरलाय ते दिसतं. पण फार बारीक रेषही नको, कारण फर्स्ट फोकल प्लेनमध्ये झूम कमी केला की रेटिकल लहान होतं आणि कोळ्याच्या जाळ्यासारखं विरून जातं. दुकानात स्कोप हातात आला की १० पटीवर ठेवा, एखाद्या झाडीच्या काळोख्या भागाकडे रोखा आणि ०.२ मिलच्या खुणा मोजता येतात का ते पाहा. आलं तर ठीक, नाही तर पुढचा स्कोप मागा. बहुतेक जण या वेळी झूम पूर्ण ताणून पाटीवरची अक्षरं वाचत बसतात. त्यातून स्कोपबद्दल फारसं काही कळत नाही.

मधल्या रेषेखाली झाडासारख्या पसरत जाणाऱ्या खुणा १० मिलपर्यंत असाव्यात. ताशी १६ कि.मी. चा आडवा वारा १०० यार्डांवर या गोळीला सव्वा मिलच्या आसपास ढकलतो आणि २०० वर अडीचच्या आसपास. वारा दर काही सेकंदांनी बदलतो, म्हणून त्यासाठी टरेट फिरवत नाहीत, रेटिकलवर धरतात. त्यामुळेच वाऱ्याच्या टरेटवर टोपी असलेला स्कोप बरा, चालता-उठताना तो घासून फिरत नाही. उंचीसाठीही दर लक्ष्याला डायल करायला वेळ नसतो. ५०, ७५, १०० अशी लक्ष्यं ओळीने आली तर एकदा मधलं अंतर लावायचं आणि बाकी खुणांवर धरायचं.

आता ८–३२ कडे वळू. ५० मि.मी. च्या भिंगाला ३२ ने भागा, दीड मि.मी. येतात. डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ही जाडी. १२ पटीवर तोच झोत चार मि.मी. पेक्षा जाड असतो. प्रोनमध्ये गाल दर वेळी त्याच जागी बसतो, तिथे दीड मि.मी. सांभाळता येतात. लाकडी फळीवर अर्धवट उभं राहून नाही. चित्र काळं होतं, तुम्ही मानेची जागा शोधत राहता आणि सेकंद जातात. दृश्याचा घेरही आटतो. ३२ पटीवर १०० यार्डांवर जेमतेम सव्वा यार्ड दिसतं, म्हणजे २५ यार्डांवर वीतभर. तेवढ्यात पुढचं लक्ष्य सापडवायचं म्हणजे अंधारात सुई शोधणं. त्यात उन्हात जमिनीवरून उठणारी हवेची थरथरही तेवढ्याच पटीने मोठी दिसते, आणि शरीराची थरथरही. ती दिसली की माणूस ट्रिगर घाई करून ओढतो. प्रोनच्या सवयीने तुम्हाला हे चांगलंच ठाऊक असेल.

स्टेजवर बहुतेक वेळ १० ते १६ पटीवर जातो. म्हणून खालचं टोक ४, ५ किंवा ६ असलेला आणि वरचं २० ते २५ असलेला स्कोप घ्या. ५–२५×५० किंवा ५६, ४–२०×५०, ६–२४×५० असं काहीही. वरची पट झीरो करायला, ग्रुप बघायला आणि लांबच्या लोखंडी लक्ष्यावर गोळीचा डाग शोधायला लागते. कमी झूमचा आणखी एक फायदा असा, की वेगवेगळ्या अंतरांच्या स्टेजला पॅरालॅक्स एकदाच लावून भागतं. ५०, ७५ आणि १०० यार्डांच्या स्टेजला नॉब ७० वर ठेवलात तर ५० मि.मी. च्या भिंगाला जास्तीत जास्त चूक ५० वर ७ मि.मी. आणि १०० वर ११ मि.मी. च्या आसपास राहते, डोळा मधल्या भागात असेल तर त्याच्या निम्म्याहून कमी. १२ पटीवर तीनही लक्ष्यं पुरेशी स्वच्छ दिसतात. २५ पटीवर दोन धूसर होतील.

काच आणि प्रकाशित रेटिकल यांवर फार लिहायचं कारण नाही. मध्यम दर्जाची काच या अंतरांना पुरते. जास्तीचे पैसे असतील तर ते यंत्रणेवर घाला.

यंत्रणा म्हणजे टरेट. एका फेऱ्यात १० मिल देणारा घ्या. ५ मिलचा असेल तर ३०० यार्डांसाठी तिसऱ्या फेऱ्यात जावं लागतं, आणि परत येताना एक फेरा कमी फिरवून पुढची अख्खी स्टेज ५ मिल वर मारल्याची उदाहरणं दर सामन्याला सापडतात. झीरो स्टॉप (टरेटला झीरोच्या खाली जाऊ न देणारा अटकाव) हवाच. पण तो बसवताना .२२ ची एक खोड लक्षात घ्या. ५० यार्डांचा झीरो आणि ५० मि.मी. उंच स्कोप असेल तर ३५ यार्डांच्या आसपास गोळी नेमाच्या ०.२ मिल वर लागते. २५ वर ती पुन्हा जवळजवळ नेमावर येते आणि १५ वर उलट १ मिल वर जावं लागतं. झीरो स्टॉप नेमका शून्यावर आवळलात तर ३५ यार्डांसाठी टरेट खाली जाणारच नाही. म्हणून शून्याच्या खाली अर्धा मिल मोकळा ठेवून तो बसवा. जे स्टॉप ही सोय देत नाहीत ते सेंटरफायरला ठीक, तुम्हाला नकोत.

याच कारणाने बॅलिस्टिक अॅपमध्ये स्कोपची उंची अंदाजाने भरू नका. बोअरच्या मध्यापासून स्कोपच्या नळीच्या मध्यापर्यंत कॅलिपरने मोजा. ५ मि.मी. ची चूक १५ यार्डांवर पाव मिलची चूक होते. लांबच्या अंतरांवर ती जाणवतही नाही.

बसवताना ओळंबा वापरा. रेलवर स्पिरिट लेव्हल ठेवून रायफल समपातळीत घ्या, २५-३० यार्डांवर दोरीला वजन टांगा, आणि रिंगा सैल ठेवून रेटिकलची उभी रेष दोरीवर जुळेपर्यंत स्कोप फिरवा. टरेटच्या टोपीवर लेव्हल ठेवून हे काम करतात, पण टोपी आणि रेटिकल एकमेकांशी काटकोनात असतीलच असं नाही. रायफल एका अंशाने कलली तर २०० यार्डांवर गोळी ३ सें.मी. बाजूला जाते आणि ३०० वर ७ ते ८ सें.मी. बॅरिकेड कधीच सपाट नसतं, म्हणून नळीवर बुडबुड्याची छोटी लेव्हल कायमची लावून टाका. रिंगांचे स्क्रू फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे आवळायचे, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून. टॉर्क सहसा १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर. रिंग बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. जास्त आवळल्याने नळी दबते, आणि त्याची पहिली खूण म्हणजे पॅरालॅक्सचा नॉब किंवा झूमचं कडं जड फिरू लागतं. डोळ्यापासूनचं अंतर झूम पूर्ण ताणून ठरवा, पण प्रोनमध्ये आणि उभ्या पवित्र्यात दोन्हीकडे. प्रोनमध्ये डोकं पुढे येतं. फक्त एकात बसवलेला स्कोप दुसऱ्यात काळा दिसतो.

स्कोप आल्यावर पहिली गोळी मारण्याआधी एक दुपार त्याच्या तपासणीला द्या. रायफल व्हाइसमध्ये पक्की धरा. ५० यार्डांवर, म्हणजे ४५.७२ मीटरवर, मोठा कागद लावा. त्यावर ओळंब्याने उभी रेष आखा आणि तिच्यावर ४५.७ मि.मी. च्या अंतराने खुणा करा, म्हणजे प्रत्येक खूण १ मिल. अंतर पोलादी टेपने मोजा. रेंजफाइंडर एका यार्डाने चुकला तर ५० यार्डांत २ टक्के चूक शिरते, आणि तुम्हाला तेवढीच चूक पकडायची आहे. फुली शून्यावर ठेवा, टरेट १० मिल फिरवा, फुली दहाव्या खुणेवर गेली का ते बघा. ९.८ वर थांबली तर स्कोप २ टक्के कमी फिरतो. ३०० यार्डांवर ही चूक पाव मिल, म्हणजे ७ सें.मी. सगळ्या अंतरांवर चूक सारख्याच प्रमाणात असेल तर अॅपमध्ये ०.९८ भरून भागतं. कधी ९.८ आणि कधी १०.१ येत असेल, किंवा वीस फेऱ्यांनंतर फुली शून्यावर परतत नसेल, तर स्कोप परत करा.

याच वेळी आणखी एक बघा, जे सहसा कोणी बघत नाही. फुली शून्यावर असताना पॅरालॅक्सचा नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्या, मग झूमचं कडं. डोळा मधोमध ठेवा. फुली खुणेवरून हलता कामा नये. सेंटरफायरवाले पॅरालॅक्स दिवसातून दोन-तीनदा फिरवतात, तुम्ही एका स्टेजला तितक्यांदा फिरवाल. तो नॉब ०.२ मिलनेही झीरो हलवत असेल तर तो स्कोप .२२ ला उपयोगाचा नाही, मग बाकी सगळं कितीही चांगलं असो.

नवा स्कोप येईपर्यंत जुन्यावर सराव थांबवू नका. जाड काळ्या कागदाची ४० मि.मी. ची चकती कापा, तिच्या बरोबर मध्ये १६ मि.मी. चं भोक पाडा आणि पुढच्या भिंगासमोर टेपने चिकटवा. भिंगाचा वापरातला व्यास कमी झाला की वरच्याच हिशेबाने २५ यार्डांवरची कमाल चूक १५ वरून ६ मि.मी. वर येते, आणि धूसर चित्रही बरंचसं आवळून येतं. उजेड कमी होतो, म्हणून ६ ते ८ पटीच्या वर जाऊ नका आणि भर उन्हात मारा. भोक मधोमध नसेल तर नेमाची जागा थोडी सरकते, तेव्हा चकती लावल्यावर २५ यार्डांवर पुन्हा झीरो करून घ्या.